पसरट पाय आणि निसरडा कातळ

जून तोंडावर आला की सह्याद्रीत भटकणाऱ्यांमध्ये एक प्रश्न हमखास फिरू लागतो: ग्रिप कुठल्या बुटाची चांगली? उत्तरादाखल कंपन्यांची नावं येतात, किमती येतात, सोलच्या खाचा किती खोल असाव्यात यावर वाद झडतो. ज्याचा पाय पुढून रुंद आहे तो आणखी एक प्रश्न हळूच जोडतो, की हा बूट चवड्याला चावणार तर नाही ना? हे दोन प्रश्न वेगळे धरले जातात. पहिला जिवाचा, दुसरा नुसता सोयीचा. त्यामुळे पहिल्यावर तासभर चर्चा होते आणि दुसऱ्याला ठरलेलं उत्तर मिळतं: 'एक नंबर मोठा घ्या.' माझ्या मते प्रश्न एकच आहे. ग्रिप जितकी रबरात असते तितकीच ती बूट आणि पाय यांच्या जुळणीत असते, आणि एक नंबर मोठा घेण्याचा हा तोडगा रुंद पायाच्या माणसाची ग्रिपच काढून घेतो.

हे नुसतं मत नाही, साधा हिशेब आहे. बूट एका साच्यावर बेतला जातो. कारागीर त्याला फर्मा म्हणतात, कारखान्यात लास्ट. ब्रिटिश आणि अमेरिकी मापांत एक पूर्ण नंबर म्हणजे लांबीत एक तृतीयांश इंच, सुमारे साडेआठ मिलिमीटर. नंबर एकाने चढला की चवड्याचा घेर रूढ प्रमाणानुसार पाव इंच वाढतो. अमेरिकी पद्धतीत रुंदीला स्वतंत्र अक्षरं आहेत: पुरुषांचा सर्वसाधारण बूट डी, मग ई, मग टू-ई, असं करत फोर-ई आणि पुढे. यातली एक पायरीही घेरात ढोबळमानाने पाव इंचाचीच. आता ज्याच्या पायाला टू-ई हवा, पण दुकानात फक्त डी मिळतो, त्याने घेर जुळवायला नंबर वाढवत नेला तर दोन नंबर चढावे लागतात. घेर जुळतो, पण बुटात सतरा मिलिमीटर जास्तीची लांबी येते. उतारावर बोटं आपटू नयेत म्हणून पुढे जी बोटभर जागा ठेवायचीच असते, ती याहून वेगळी.

या सतरा मिलिमीटरांचे परिणाम एकापाठोपाठ एक येतात. बूट जिथे वाकायला हवा ती जागा चवड्याच्या सांध्याखाली असते. लांब बुटात ती पुढे सरकते, त्यामुळे प्रत्येक पावलाला बूट एका ठिकाणी वाकतो आणि पाय दुसऱ्या. टाच उचलली जाते, मग नाडी आवळली जाते, मग पायाच्या वरच्या बाजूला वळ उठतात. कड्यातल्या खोदीव पावठीत बुटाचं टोक शिरतं, पण बोटं त्या टोकाच्या बऱ्याच मागे राहतात आणि शरीराचा भार पावठीबाहेर लोंबतो. उतरताना तर याहून वाईट. सोल कातळाला घट्ट धरून राहतो आणि आतला पाय पुढे घसरतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं बूट सटकला. खरं तर बूट जागेवरच होता, माणूस सटकला. तोल सावरण्याची शरीराची यंत्रणा या दोन घसरणींत फरक करत नाही. अंगठ्याचं नख काळं पडणं ही या सरकण्याची सर्वांना ठाऊक असलेली खूण, पण ती बहुधा उताराच्या माथी मारली जाते.

उलट टोकाची चूकही ग्रिपवरच येते. लांबी बरोबर पण रुंदी अपुरी असा बूट घातला तर करंगळीकडची बाजू सोलच्या कडेबाहेर जाते आणि वरचं कापड फुगून लोंबू लागतं. सपाट रस्त्यावर हे फक्त दुखतं. डोंगराच्या कुशीतल्या आडव्या वाटेवर मात्र खालच्या पायाचा भार सोलच्या कडेवर, कधी कडेच्याही बाहेर पडतो आणि बूट बाहेरच्या अंगाला कलंडतो. शिवाय आवळलेल्या बुटात बोटं पसरू शकत नाहीत. माणूस निसरड्यावर उभा राहतो तेव्हा बोटं आपोआप पसरून, दाबून तोल शोधतात. ती जखडली की पाय एक ठोकळा होतो.

रुंद पाय ही मूठभर लोकांची अडचण आहे, असा यावरचा पहिला आक्षेप. बाजारही असाच समज करून चालतो. पण भारतापुरता हा समज उलटा आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरात ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांचे पाय त्रिमिती यंत्रांनी मोजले. भारतीय पाय पाश्चात्त्य पायांच्या मानाने साधारणपणे रुंद असतात, आणि अरुंद फर्म्यांमुळे लोक गरजेपेक्षा लांब बूट वापरतात, असा या पाहणीचा निष्कर्ष. म्हणजे 'एक नंबर मोठा' ही दुकानदाराची युक्ती आता देशाची सवय म्हणून नोंदली गेली आहे. पाहणीतून 'भा' नावाची भारतीय मापपद्धती सुचवली गेली, तीत वय आणि लिंग यांनुसार आठ गट आहेत. तिकडे परदेशातही सगळं आलबेल नाही. चुकीच्या मापाच्या पादत्राणांवरच्या अभ्यासांचा २०१८ साली बुल्ट आणि मेन्झ यांनी आढावा घेतला, त्यात लांबी किंवा रुंदी न जुळणारे बूट घालणाऱ्यांचं प्रमाण ६३ ते ७२ टक्के निघालं. न जुळणारा बूट हा अपवाद नाहीच.

रुंदी येते कुठून, याचंही उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. थोडी रक्तातून, बरीच वापरातून. १९०५ मध्ये हॉफमन या अमेरिकी डॉक्टरने अनवाणी राहणाऱ्या आणि बूट घालणाऱ्या समाजांच्या पायांची तुलना करून दाखवलं होतं की अनवाणी पाय पुढे पंख्यासारखा पसरतो, आणि बुटातला पाय बुटाचा आकार घेतो. २००९ मध्ये द'आउत आणि सहकाऱ्यांनी दक्षिण भारतातले आयुष्यभर अनवाणी चालणारे, चपला-बूट वापरणारे भारतीय आणि बेल्जियममधले लोक यांची तुलना प्रसिद्ध केली. अनवाणी चालणाऱ्यांचे पाय सापेक्षतः रुंद होते आणि चालताना तळव्यावरचा दाबही जास्त समप्रमाणात वाटला जात होता. आपल्याकडे बालपण अनवाणी किंवा मोकळ्या चपलेत जातं, बूट शाळेपुरता. मग पंचविशीत माणूस युरोपी फर्म्यावर बेतलेला ट्रेकिंगचा बूट घेतो आणि दोष पायाला देतो.

आता रबराकडे येऊ, कारण जुळणी महत्त्वाची म्हटलं म्हणून रबर गौण ठरत नाही. खाचांच्या रबरी सोलचा इतिहास एका अपघातापासून सुरू होतो. १९३५ मध्ये आल्प्समधल्या पुंता रासिका शिखरावर इटालियन गिर्यारोहक विताले ब्रामानी यांच्या मोहिमेतले सहा जण खराब हवामानात सापडून मेले. त्या काळी चढाईच्या जाड बुटांना खिळे मारलेले असत आणि अवघड कातळ आला की ते काढून हलके जोडे घालायचे. त्या हलक्या जोड्यांत थंडीपुढे निभाव लागणं कठीण होतं. ब्रामानींनी पिरेली या टायर कंपनीच्या मदतीने खाचांचा रबरी सोल घडवला आणि १९३७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. तीच आजची व्हिब्रम. १९५४ मध्ये के-टू सर करणाऱ्या इटालियन चमूच्या पायांत हे सोल होते. दुसरा टप्पा १९८० च्या दशकातला: प्रस्तरारोहणाच्या जोड्यांसाठी मऊ, चिकट रबर आलं आणि त्याचे धाकटे भाऊ पुढे चालण्याच्या बुटांतही उतरले. या दोन टप्प्यांत दोन निरनिराळ्या युक्त्या आहेत, आणि दुकानात त्यांचीच गल्लत होते.

खाच मातीसाठी, रबराचा मऊपणा दगडासाठी. चिखलात किंवा भुसभुशीत मातीत खोल, एकमेकींपासून लांब असलेल्या खाचा रुततात, मातीला धरतात आणि पाऊल उचललं की चिखल झडतो. कातळावर रुतायला काही नसतं. तिथे रबर दगडाच्या बारीक खडबडीतपणात किती शिरतं आणि दगडाला किती क्षेत्रावर टेकतं, यावर सगळं ठरतं. फार खोल खाचांचा सोल कातळावर कमी जागेवर टेकतो आणि खाचांचे उंचवटे भाराखाली वाकतात. रबराच्या घर्षणाचे दोन भाग असतात: एक पृष्ठभागाला चिकटण्याचा, दुसरा खडबडीतपणावरून जाताना रबर दबून-उसळून ऊर्जा गमावतं त्याचा. पाण्याचा पातळ थर पहिला भाग जवळजवळ संपवतो, दुसरा बराच शिल्लक राहतो. म्हणून ओल्या पण खरखरीत दगडावर मऊ रबराचा बूट उभा राहतो आणि कडक रबराचा घसरतो, खाचा कितीही खोल असोत.

सह्याद्रीचा बेसाल्ट या बाबतीत उदार आहे. लाव्हाच्या थरांत बुडबुड्यांनी पडलेली छिद्रं आणि झिजलेले दाणे यांमुळे कोरडा कातळ बहुतेक कुठल्याही रबराला धरतो. म्हणूनच स्वस्तातले 'अॅक्शन ट्रेकिंग' आणि त्याआधीचे कॅनव्हासचे हंटर शूज इथल्या दोन पिढ्यांना पुरले, आणि हजारोंचे परदेशी बूट पाहून जुने ट्रेकर हसतात ते उगाच नाही. पावसाळ्यात गणित बदलतं. कातळावर शेवाळाचा थर धरला की रबर दगडाला टेकतच नाही, ते शेवाळाला टेकतं आणि शेवाळच दगडावरून सुटतं. तिथे ग्रिपची जाहिरात करणारा कोणताही बूट खोटा पडतो. उपाय फक्त पाऊल कुठे टाकायचं याचा: हिरवा-काळा तुळतुळीत भाग सोडून खरखरीत कडा, गवताचं बूड, मुरमाची खाच. ओल्या लोखंडी शिडीचं तसंच, कळसूबाईच्या शिड्यांवर आधार हातांचा. घसाऱ्यावर आणि कोकण-गोव्याच्या जांभ्या सड्यांवर सुटे खडे सायकलच्या चाकातल्या छर्‍यांसारखे पायाखालून फिरतात. रबराचा प्रकार तिथे जवळपास निरर्थक होतो आणि टाचेच्या मागच्या कडेची धार कामी येते.

या सगळ्यावर डब्यावरच्या 'अँटी-स्किड' या शब्दाचा काडीचा उजेड पडत नाही. कामगारांच्या सुरक्षा-बुटांसाठी आयएसओ १३२८७ ही घसरणीची प्रमाणित चाचणी आहे. तीत साबणाचं पाणी किंवा ग्लिसरीन लावलेला गुळगुळीत पृष्ठभाग वापरतात. कारखान्यासाठी ती योग्यच. पण शेवाळलेल्या बेसाल्टबद्दल ती काही सांगत नाही, आणि ट्रेकिंगच्या बुटांवर तेवढा आकडाही छापलेला नसतो. ग्राहकाकडे उरते ती ढोबळ तपासणी: अंगठ्याने दाबून रबर किती दबतं, उंचवट्यांच्या कडा धारदार आहेत की गोलसर. आणि बुटाचं वय. रबर वर्षांगणिक कडक होतं. मधला थर पॉलियुरेथेनचा असेल तर दमट हवेत तो नुसत्या ठेवणीतही आतून विरतो आणि भर वाटेवर सोल उघडतो. मुंबई-कोकणच्या हवेत जपून ठेवलेला जुना महागडा बूट हा या अर्थाने धोका आहे; मधला थर ईव्हीएचा असेल तर ही भीती नाही.

मग रुंद पायाच्या माणसाने घ्यावं काय? बाजारात तीन तऱ्हा आहेत आणि त्या एकच नव्हेत. पहिली, एकाच नंबरात खरोखर वेगवेगळ्या रुंदीचे बूट: न्यू बॅलन्स टू-ई आणि फोर-ई बनवते, मेरेलचा मोआब रुंद मापात येतो, लोवा आणि हानवाग या जर्मन कंपन्यांचे काही बूटही, हानवागने तर अंगठ्याच्या सांध्याचं हाड बाहेर आलेल्यांसाठी वेगळा फर्मा ठेवला आहे. दुसरी, फक्त बोटांची जागा ऐसपैस आणि टाच नेहमीची: कीन, अल्ट्रा, टोपो. तिसरी, मऊ जाळीचा वरचा भाग, जो रुंद नसतो पण सोसतो. आपल्याकडे चवडा रुंद आणि टाच त्या मानाने अरुंद असा पाय पुष्कळांचा असतो, आणि अशांना पहिल्यापेक्षा दुसरी तऱ्हा जास्त जुळते, कारण सरसकट रुंद बुटात टाच पुन्हा हलू लागते. अल्ट्राच्या बहुतेक बुटांत टाच आणि चवडा एकाच उंचीवर असतात, पोटऱ्यांना सवय लागेपर्यंत ते जड जातं. सॅलोमन आणि ला स्पोर्टिव्हा यांची ख्याती अरुंद फर्म्यांची; त्यांचं रबर कितीही नावाजलेलं असलं तरी पसरट पायाने आधी घालून पाहावं. अडचण अशी की यातले रुंद प्रकार भारतातल्या दुकानांत क्वचित दिसतात आणि दुकानात पाय मोजण्याचं यंत्रही नसतं. १९२० च्या दशकात अमेरिकेत चार्ल्स ब्रॅनॉक यांनी बनवलेलं ते साधं धातूचं यंत्र लांबी, रुंदी आणि टाचेपासून चवड्याच्या सांध्यापर्यंतचं अंतर एकदम दाखवतं. ते नसेल तर बुटातला आतला तळ बाहेर काढून त्यावर पूर्ण भार देऊन उभं राहावं. पाय कडेबाहेर सांडत असेल तर तो बूट नको, मग ग्रिपची कीर्ती काही असो. ही तपासणी संध्याकाळी, ट्रेकचे मोजे घालून करावी, कारण दिवसभरात आणि पाठीवर ओझं घेतल्यावर पाय पसरतो.

बूट वापरून सैल होतो, असं पुष्कळजण म्हणतात. कातडी बूट थोडा होतोही, मोची साच्यावर ताणून करंगळीपाशी जागा करून देतो. पण ताणतं ते वरचं कातडं, सोलची रुंदी तसूभरही वाढत नाही, म्हणजे पाय कडेबाहेर लोंबण्याचा दोष तसाच. आजच्या बुटांना भोवती रबराची पट्टी आणि वितळवून चिकटवलेले प्लास्टिकचे पट्टे असतात, ते ताणायला बधत नाहीत. जलरोधक पडद्याचं अस्तरही तसंच; ते आतली जागा खातं, आणि सह्याद्रीच्या पावसात पाणी तसंही वरून, घोट्यातून शिरतं आणि मग बाहेर पडत नाही. भिजून फुगलेल्या रुंद पायासाठी पाणी गाळून टाकणारी जाळी बरी. घोटाभर उंच बूट सुरक्षित, ही समजूतही तपासून घ्यावी. १९९३ मध्ये अमेरिकेत सहाशेहून अधिक बास्केटबॉल खेळाडूंवर केलेल्या प्रयोगात उंच आणि बुटक्या बुटांमध्ये घोटा मुरगळण्याच्या प्रमाणात ठोस फरक आढळला नाही. मैदान आणि डोंगर एक नव्हेत, हे मान्य. पण उंच गळ्याच्या मोहापायी अरुंद बूट पत्करण्याइतका तो पुरावा भक्कम नाही.

वजनदार आक्षेप दोन उरतात. एक: बूट जितका ऐसपैस तितका तो छोट्या पायरीवर ढिला, म्हणूनच प्रस्तरारोहक घट्ट जोडे घालतात. हे खरं आहे. रॉकपॅच चढताना आवळ जोडा बारीक कंगोऱ्यावर टिकतो. पण ते जोडे तासाभरासाठी असतात, वर पोहोचताच काढले जातात. दहा तास चालणाऱ्या बुटाला तो निकष लावता येत नाही. ढिलेपणा टाळण्याची जागा चवडा नव्हे, टाच आणि पायाचा मधला कमान-भाग आहे, आणि ते काम नाडीचं आहे: घोट्याशी नाडीला दुहेरी पीळ देऊन टाच मागे बसवायची आणि चवड्यावरची एखादी आडवी ओळ गाळायची. दुसरा आक्षेप मराठी वाचकाला अधिक जवळचा: गडाखालच्या वाडीतला ठाकर किंवा महादेव कोळी रबरी चपलेत, टायरच्या चपलेत, नाहीतर अनवाणी डोक्यावर भारा घेऊन ज्या नाळेतून सरसर उतरतो, तिथे आपण बुटांची चिकित्सा करायची? या निरीक्षणाशी वाद नाही, त्यातून काढलेल्या अर्थाशी आहे. त्याचा पाय लहानपणापासून मोकळा वाढला, चवडा पसरला, बोटं दगड धरायला शिकली आणि चपलेने त्या बोटांना कधी अडवलं नाही. त्याला रबर लागत नाही असं नव्हे, टायरचं रबर आहेच. त्याला अरुंद फर्मा लागलेला नाही. शहरातल्या ट्रेकरने लगेच चपलेत उतरावं असा याचा अर्थ होत नाही, कारण तळवा आणि घोटा एका हंगामात तयार होत नाहीत. पण बूट निवडताना त्या चपलेतला मोकळेपणा किती शिल्लक राहतो, एवढं पाहता येतं.

बायकांच्या बाबतीत हा हिशेब आणखी वाकडा होतो. अमेरिकी मापात त्यांचा सर्वसाधारण बूट बी रुंदीचा, रुंद म्हणजे डी, म्हणजे पुरुषांचा साधा बूट. त्यामुळे रुंद पायाच्या बाईला पुरुषांच्या रकान्यातला लहान नंबर पुष्कळदा चपखल बसतो आणि सोलही तोच मिळतो, फक्त टाच सैल वाटल्यास नाडीचा पीळ लागतो. दुकानात हे कोणी सुचवत नाही, कारण तो बूट दुसऱ्या भिंतीवर मांडलेला असतो.

राहिली 'भा'ची आशा. भारतीय फर्मा सार्वत्रिक झाला तर कारखान्याचा मधला आकारच रुंद होईल आणि हजार-दोन हजारांच्या देशी ट्रेकिंग बुटालाही त्याचा फायदा मिळेल. देशी बुटांचं रबर आपल्या कातळाला पुरेसं असल्याचं आधीच सिद्ध झालं आहे, कमी होती ती मापाची. मात्र सरासरी रुंदावली म्हणून सगळे पाय एका रुंदीत मावणार नाहीत. अरुंद पायाचा माणूस उद्या तीच तक्रार उलट्या बाजूने करील. एका नंबरात निदान दोन रुंद्या ठेवायच्या तर कारखान्याला दुप्पट फर्मे आणि दुकानदाराला दुप्पट माल ठेवावा लागतो. तो खर्च कोण उचलणार, हे मापपद्धतीच्या कागदावर ठरत नाही. काउंटरवर नंबरासोबत रुंदीही मागणारी गिऱ्हाइकं किती, यावर ते ठरेल.